उतार, जीप आणि मऊ ब्रेक : उळवी परिसरातील वाहनांचा एक इतिहास

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील उळवी हे बाराव्या शतकातील शरण चन्नबसवण्णांच्या समाधीचे स्थान असून, माघ महिन्यात भरणाऱ्या तेथील जत्रेला धारवाड, बेळगाव आदी भागांतील शेतकरी कुटुंबे जंगलवाटेने बैलगाड्या घेऊन येण्याची परंपरा आजही टिकून आहे. सपाट काळ्या रानातून निघालेली गाडी सह्याद्रीच्या माथ्यावर आली की तिच्यापुढे चढापेक्षा उताराचा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण उतारावर गाडीचा भार मागून बैलांच्या मानेवर येतो. चाकाच्या लोखंडी धावेवर, म्हणजे बाहेरच्या पट्टीवर, लाकडी ठोकळा दाबून चाकाचा वेग रोखणे हा त्यावरचा जुना उपाय होय. या रचनेत दाब देणारा हात, दोरी, ठोकळा आणि धाव एवढेच घटक असल्यामुळे दोष कोठे आहे हे डोळ्यांना दिसत असे.

 याच जिल्ह्यातील दांडेलीच्या परिसरात लाकूडतोड, 1955 मध्ये स्थापन झालेली कागद गिरणी आणि पुढे काळी नदीवरील सुपा धरण यांमुळे अवजड वाहतूक वाढली. धरणाच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाल्याने तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले. कुंभारवाड्याकडून उळवीकडे जाणारा रस्ता आणि अणशी घाटातून कद्र्याकडे उतरणारा रस्ता अशा पावसाळी, वळणावळणाच्या मुलखाला सोयीचे वाहन म्हणजे चारही चाकांना गती देणारी जीप होती.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपला 1941 पासूनच चारही चाकांवर द्रवदाबाचे ब्रेक होते. या पद्धतीचे पहिले महत्त्वाचे पेटंट माल्कम लॉकहीड यांनी 1917 मध्ये घेतले आणि 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीत ती चारही चाकांवर आली. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलतो, तेच ऑइल प्रत्येक चाकाच्या लहान सिलिंडरमधील दट्टे बाहेर सारते आणि लायनर लावलेले शू ड्रमच्या आतील बाजूला घट्ट टेकतात. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून दूरपर्यंत पोहोचतो. मात्र त्यात हवेचा बुडबुडा शिरला की पायाचे श्रम हवा दाबण्यातच खर्ची पडतात आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते.

युद्धानंतर लष्कराच्या जीप डिस्पोजलमध्ये, म्हणजे शिल्लक मालाच्या विक्रीत, विकल्या गेल्या, तर महिंद्रा कंपनीने 1947 मध्ये विलीजच्या पहिल्या 75 गाड्या सुट्या भागांच्या रूपात आणवून पुढे मुंबईच्या माझगावात त्यांची जोडणी सुरू केली. 1979 मध्ये प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळाल्यावर जीपच्या घराण्यात इंजिने, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांच्या अनेक पिढ्या एकत्र आल्या. जुनी चौकट, दुसऱ्या मॉडेलचा आख, मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी बसवलेले जड डिझेल इंजिन आणि कोणत्या तरी मोटारीचे डिस्क ब्रेक अशी जुळणी झालेली जीप त्यामुळे देशभरच्या गॅरेजांत परिचयाची झाली. तिच्यातील प्रत्येक भाग आपापल्या मूळ वाहनात चोख काम करत असे. बिघाड उद्भवतो तो त्यांच्या परस्परसंबंधात, आणि म्हणून अशा गाडीचे निदान करणे म्हणजे कोणता भाग कोणत्या गाडीतून आला याचा इतिहास वाचणे होय.

मऊ ब्रेकच्या निदानाची पहिली पायरी म्हणजे पेडल दोन-तीन वेळा झटपट दाबून पाहणे. असे पंपिंग केल्यावर पेडल उंच आणि टणक होत असेल, तर ऑइलमध्ये हवा तरी आहे किंवा शू व ड्रम यांतील अंतर तरी वाढले आहे. अंतर सेट करून दोष गेला नाही तर हवेचा संशय पक्का होतो. सतत दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर तो मऊपणा नसून गळती आहे, आणि ती बहुधा मास्टर सिलिंडरच्या रबरी वॉशरपाशी असते. दोष कोणत्या चाकाकडे आहे हे ठरवण्यासाठी होज पाइप एकेक करून हलक्या हाताने चिमट्यात धरतात. एखादा बंद करताच पेडल टणक झाले की शोध त्या चाकापुरता उरतो. जुने होज दाबाखाली फुगतात, तर लेथवर चढवून मोठ्या झालेल्या ड्रममध्ये नवा शू पूर्ण टेकत नाही आणि दाबाने वाकतो. या दोन्ही स्थितींत हवा नसतानाही पेडल मऊच लागते.

मिश्र गाडीचे खास दोष याहून खोल असतात. डिस्क ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी आवळणारे भाग, डावे-उजवे बदलून बसवले, तर हवा काढण्याचे निप्पल खाली येते आणि वरच्या कोपऱ्यात अडकलेला बुडबुडा कितीही ब्लीडिंग केले तरी निघत नाही. कॅलिपरचे रुंद दट्टे जास्त ऑइल मागतात, तेव्हा लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर अपुरा पडून पेडल फार खाली जाते. उलट तो फार मोठा घेतल्यास पेडल कडक लागते, पण पायाला जोर अधिक लावावा लागतो. जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर तळफळीखाली असल्याने कॅलिपरमधील ऑइल उताराने मागे वाहू शकते, म्हणून नळीत थोडासा दाब राखणारी झडप लागते. डिस्कसाठी सुमारे 2 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि ड्रमसाठी सुमारे 10 पीएसआय अशी तिची सर्वसाधारण मापे आहेत. ड्रमची झडप डिस्कला लावल्यास ब्रेक घासत राहतो, आणि ड्रमची झडप काढून टाकल्यास चाकाच्या सिलिंडरमधील वॉशर सैल पडून हवा पुन्हा शिरू शकते.

घाट उतरताना उष्णतेचाही वाटा असतो. डॉट 3 प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असला, तरी ते हवेतील ओलावा शोषते आणि तेव्हा हा आकडा 140 अंशांच्या आसपास येऊ शकतो. दमट पर्जन्यवनातील गाडी सपाटीवर ठीक चालते आणि लांब उतारावर, ऑइल उकळून वाफ झाल्यावर, अचानक मऊ पडते, ते यामुळेच.

वाहनातील बदलांवर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लागू असून, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. तांत्रिक दृष्टीने पाहता या बंधनाचे कारण ब्रेकच्या इतिहासातच आहे, कारण वाहन थांबवण्याची क्षमता कोणत्याही एका भागात नसून सर्व भागांच्या मेळात असते, आणि हा मेळ मूळ कारखान्यात एकदाच मोजून ठरवलेला असतो. भाग बदलणाऱ्याने तो पुन्हा मोजला पाहिजे.