वडगाव शेरीचे आमदार

पुणे शहराच्या ईशान्येकडील वडगाव शेरी (क्र. २०८) या विधानसभा मतदारसंघाचे लोकप्रतिनिधी. विश्रांतवाडी, धानोरी, कळस, येरवडा, लोहगाव, विमाननगर, कल्याणीनगर, चंदननगर, वडगाव शेरी आणि खराडी हा परिसर या मतदारसंघात येतो. लोकसभेसाठी तो पुणे मतदारसंघाला जोडलेला आहे. २००८ च्या पुनर्रचनेत तो अस्तित्वात आला आणि २००९ साली येथे पहिली निवडणूक झाली. २०२४ पर्यंतच्या चार निवडणुकांत तीन व्यक्ती आमदार झाल्या: बापूसाहेब पठारे (२००९ आणि २०२४), जगदीश मुळीक (२०१४) आणि सुनील टिंगरे (२०१९). विद्यमान आमदार लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून आल्याचे उदाहरण येथे नाही.

तिघांची मुळे या भागातल्या जुन्या गावठाणांत आहेत. पठारे खराडीचे, मुळीक वडगाव शेरीचे, तर टिंगरे विश्रांतवाडी-धानोरी पट्ट्यातले. ही गावे १९९७ च्या हद्दवाढीत महापालिकेत आली. पुढे शेतांच्या जागी सोसायट्या आणि आयटी कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण उमेदवारी मात्र गावकी-भावकीचा पाया असलेल्या घरांतच राहिली. मतदार याच्या उलट आहे. येरवड्याच्या वस्त्या, लष्करी आस्थापनांच्या आसपास वसलेली जुनी घरे, विदर्भ-मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली कुटुंबे आणि परराज्यांतून आलेले संगणक अभियंते असा सुमारे पाच लाखांचा हा मतदारवर्ग आहे. नुसत्या गावकीवर येथे कोणी निवडून येत नाही आणि गावकी सोडूनही कोणाला निवडून येता आलेले नाही.

पठारे यांनी २००९ ची निवडणूक राष्ट्रवादी काँग्रेसकडून मोठ्या फरकाने जिंकली. २०१४ मध्ये युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या. चारही प्रमुख पक्ष स्वतंत्र लढले आणि भाजपने शहरातल्या आठही जागा घेतल्या. वडगाव शेरीत मुळीक यांना ६६,९०८ मते मिळाली. त्या वेळी शिवसेनेच्या चिन्हावर उभे असलेल्या टिंगरे यांना ६१,५८३ मते पडली. फरक ५,३२५ मतांचा होता. २०१९ ला टिंगरे राष्ट्रवादीचे उमेदवार होते आणि त्यांनी मुळीक यांच्यावर जवळपास तेवढ्याच, म्हणजे सुमारे पाच हजार मतांनी मात केली. २०२४ मध्ये पठारे यांना १,३३,६८९ आणि टिंगरे यांना १,२८,९७९ मते पडली. फरक ४,७१० चा. मतदान वाढत गेले, उमेदवार आणि चिन्हे बदलली, तरी निकाल तीनदा पाच हजारांच्या आसपासच लागला. विश्रांतवाडीतल्या काही मोजक्या मोठ्या सोसायट्यांनी ठरवले तर आमदार बदलू शकतो, असे हे गणित आहे.

या मतदारसंघातील आमदारकीचा कस पाण्यावर लागला. पूर्व पुण्याला वर्षानुवर्षे टँकरवर राहावे लागत होते. त्यावर उपाय म्हणून खेड तालुक्यातील भामा आसखेड धरणातून दररोज २०० दशलक्ष लिटर पाणी आणण्याची योजना जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून मंजूर झाली. जलवाहिनीचे काम धरणग्रस्तांच्या आंदोलनांमुळे अनेकदा थांबले. जमीन आणि पुनर्वसनाचा प्रश्न सुटेपर्यंत आमच्या धरणाचे पाणी शहराला नेऊ देणार नाही, ही त्यांची भूमिका होती आणि ती रास्त होती. मंजुरी पठारे यांच्या काळातली, बरेचसे काम मुळीक यांच्या काळातले आणि प्रत्यक्ष पाणी आले ते टिंगरे यांच्या काळात, १ जानेवारी २०२१ रोजी. उद्घाटनाला अजित पवार आणि देवेंद्र फडणवीस एकाच व्यासपीठावर होते. श्रेयावरून दोन्ही पक्षांत जोरदार वाद झाला. एवढी मोठी योजना एका पंचवार्षिकात बसत नाही, त्यामुळे श्रेय एकाच नावावर टाकणे चुकीचे ठरेल. पाणी आले तरी धानोरी-लोहगावच्या अनेक भागांतली टँकरची गरज संपली नाही, कारण धरणापासूनची मुख्य वाहिनी वेगळी आणि गल्लीतली वितरण व्यवस्था वेगळी.

नळ, खड्डे, कचरा ही कामे कायद्याने महापालिकेची आहेत. आमदाराच्या हाती असतात ते वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी (ही मर्यादा २०२२ पासूनची), सभागृहातील तारांकित प्रश्न व लक्षवेधी सूचना, आणि नगरविकास खात्याकडचा पाठपुरावा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. नगरसेवक नसल्याने ड्रेनेज तुंबल्याची तक्रारही आमदाराच्या कार्यालयात येऊ लागली. आळंदी रस्ता, धानोरी रस्ता आणि विमानतळाकडचा रस्ता जेथे मिळतात, त्या विश्रांतवाडी चौकातली कोंडी हा आमदाराकडे येणाऱ्या अशा तक्रारींचा सर्वांत बोलका पुरावा. सकाळी धानोरीहून निघालेली बस सिग्नलला अडकते, मागे शाळांच्या व्हॅन, पाण्याचे टँकर आणि विमानतळ गाठायच्या टॅक्सी लागतात. याच आळंदी रस्त्याने दरवर्षी ज्ञानेश्वर माऊलींची पालखी आळंदीहून पुण्यात येते.

टिंगरे यांची कारकीर्द राज्यातल्या उलथापालथीमुळे लक्षात राहण्यासारखी आहे. महाविकास आघाडीच्या सरकारात ते सत्ताधारी बाकांवर होते, जून २०२२ मध्ये ते सरकार पडल्यानंतर विरोधी बाकांवर गेले आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीत फूट पडल्यावर अजित पवार यांच्यासोबत पुन्हा सत्तेत आले. तिन्ही वेळा मतदार तेच होते, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर टिंगरे येरवडा पोलीस ठाण्यात गेले होते, यावरून त्यांच्यावर मोठी टीका झाली. पोलिसांवर कोणताही दबाव आणला नसल्याचे त्यांनी सांगितले. या प्रकरणातील आरोपींमध्ये त्यांचे नाव नाही. तरीही नोव्हेंबरमधील प्रचारात हा मुद्दा अखेरपर्यंत गाजला.

मुळीक यांनी आमदारकीनंतर भाजपचे शहराध्यक्षपद सांभाळले. २०२४ मध्ये महायुतीच्या वाटपात ही जागा अजित पवार यांच्या पक्षाकडे गेल्याने त्यांना उमेदवारी मिळाली नाही. पठारे मधल्या काळात भाजपमध्ये गेले होते. निवडणुकीच्या तोंडावर ते शरद पवार यांच्या पक्षात परतले आणि दहा वर्षांच्या खंडानंतर विधानसभेत पोहोचले. त्या निवडणुकीत पुणे शहरातल्या उरलेल्या सातही जागा महायुतीने जिंकल्या. शहरातून निवडून आलेले महाविकास आघाडीचे ते एकमेव आमदार ठरले.