एसएलआरची गोळी भरतं कोण?

गोंदिया शहराला चिकटून असलेल्या आपल्या मुर्री गावातून मी बोलतोय. ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे म्हणजे’ काढून टाकलेत.

मागच्या महिन्यात एका ऐकणाऱ्या भावानं मेसेज केला: “दादा, बीजीएमआयमध्ये एसएलआरला चीक पॅड लावलं, कॉम्पेन्सेटर लावला की नेम सुधारतो. खऱ्या एसएलआरचंही तसंच असतं का? आणि खऱ्या शूटरच्या गोळ्या वेगळ्या असतात का?”

मी हसलो आणि उत्तर लिहायला बसलो. दोन ओळींत उत्तर होईना. शोधत गेलो तर प्रश्न १८५७ पर्यंत मागे गेला, आणि परत येताना थेट आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात येऊन थांबला. म्हणून हा अख्खा भाग.

खरी एसएलआर मी पहिल्यांदा शाळेत असताना बघितली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस रेझिंग डे असतो ना, तेव्हा शाळेच्या पोरांना शस्त्रं दाखवायला नेतात. टेबलावर हिरवा कपडा अंथरलेला आणि त्यावर लाकडी दस्त्याची लांबलचक रायफल. हात लावून उचलायला गेलो तर मनगटच वाकलं. रिकामी असतानाही चार किलोच्या वर वजन! गेममध्ये हीच पाठीवर टाकून आपण भिंतीवरून उड्या मारतो.

एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल, स्वतःच स्वतःला भरणारी. यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते. पुढची गोळी बंदूक आपोआप नळीत आणून ठेवते, पण सुटण्यासाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. हे ‘आपोआप’ कसं घडतं तेवढं समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथंच आहे. गोळीमागची दारू जळते, तिचा गॅस होतो. गोळी नळीतून पुढे जाताना त्यातला थोडा गॅस वरच्या एका भोकातून बाहेर निघतो आणि एका दट्ट्याला मागे ढकलतो. तो दट्ट्या बंदुकीचं मागचं दार उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोरावर नवीन काडतूस आत येतं. म्हणजे ही बंदूक काडतुसाच्या दारूवरच चालते, आपली मोटरसायकल पेट्रोलवर चालते तशी. गॅस कमी पडला तर दार अर्धवट उघडून अडकतं. जास्त झाला तर सगळा सांगाडा ठोकर खातो. म्हणून एसएलआरला गॅस कमीजास्त करायचं एक फिरतं कडं असतं. सैनिकाच्या हातातलं खरं ‘कस्टमायझेशन’ म्हणाल तर ते हे.

आता माझ्या आजीकडे वळतो. घाबरू नका, विषय सुटलेला नाही.

आजी विड्या वळायची. आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात कित्येक घरं यावर चालली. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूपानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापलेला तुकडा, त्यात चिमूटभर जर्दा, एक वळण, तोंड बंद, वर दोरा. मजुरी हजारावर मिळायची. पण ठेकेदार मोजण्याआधी छाटायचा. ही सैल, ही जाड, हिच्यात जर्दा कमी. छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत. मी लहानपणी विचारायचो, “आजी, तुला कसं समजते किती जर्दा टाकायचा?” ती म्हणायची, “बोटाले समजते बाबू. हजार सारख्याच निघाल्या पाहिजेत, नाहीतर पैसा कटते.”

मंडळी, काडतुसाची सगळी कथा या एका वाक्यात आहे. हजार सारख्याच निघाल्या पाहिजेत.

पहिली काडतुसं खरोखर विडीसारखीच होती. कागदाची नळी, आत मोजलेली दारू आणि शिशाची गोळी, टोकाला पीळ. माणसं बसून हातानं वळायची. एन्फिल्ड रायफलचं काडतूस असंच. शिपाई ते दातानं फाडून दारू नळीत ओतायचा आणि मग गोळी आत ठोकायचा. गोळी नीट सरकावी म्हणून कागदाला वंगण लावलेलं असायचं, आणि त्यात गाईची, डुकराची चरबी आहे अशी बातमी पसरली. पुढचं शाळेत शिकलोय. २९ मार्च १८५७, बराकपूर, मंगल पांडे. शाळेत एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. कंपनी सरकारनं मग शिपायांना स्वतःचं वंगण स्वतः लावायची आणि दाताऐवजी हातानं फाडायची मुभा दिली होती. पण विश्वास एकदा गेला की गेला. काडतूस कुणाच्या हातून तयार होतं हा प्रश्न किती मोठा असू शकतो, बघा!

दहा वर्षांत कागद गेला, पितळ आलं. तेव्हापासून काडतुसाचे चार भाग ठरले: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पुंगळी पितळी असल्यानं वाया जात नव्हती. तिला पुन्हा आकार द्या, नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी, की परत तयार! यालाच हॅंडलोडिंग म्हणतात, हातानं भरलेलं काडतूस. अमेरिकेत आजही लाखो लोकांचा हा छंद आहे. सुरुवातीला पैसे वाचवायला करायचे. पुढे लक्षात आलं की आपल्याच बंदुकीला मानवेल अशी, दाणा न् दाणा मोजून भरलेली गोळी कारखान्याच्या गोळीपेक्षा जास्त नेमकी लागू शकते. शिंप्यानं माप घेऊन शिवलेला सदरा आणि दुकानातला रेडिमेड, एवढा फरक.

आपल्याकडे इंग्रज शिकारी साहेबही छऱ्याची काडतुसं स्वतः भरायचे. त्यांना इथला उन्हाळा मात्र नडला. दारू जितकी तापलेली, तितकी ती जोरात जळते आणि नळीतला दाब वाढतो. विलायतेच्या थंडीत बरोबर चालणारं काडतूस मे महिन्यात आपल्या विदर्भातल्या उन्हात धोक्याचं. म्हणून तिकडचे बंदूकवाले हिंदुस्थानासाठी दारूचं माप कमी करून वेगळी काडतुसं द्यायचे. ते शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संपले, आणि बरं झालं. आज आपलं नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे.

आता ‘नेम तपासणं’ म्हणजे काय? गोळी मध्यावर लागली का, हा पहिला प्रश्न नाही. सगळ्या गोळ्या एकाच जागी लागल्या का, हा पहिला प्रश्न. त्याला ग्रुप म्हणतात. पाचही गोळ्या डाव्या कोपऱ्यात एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या तर बंदूक आणि काडतूस उत्तम, फक्त साइट फिरवा. पण पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या आणि त्यातली एक चुकून मध्यावर लागली, तर ते नशीब. आणि तीन गोळ्यांच्या ग्रुपवर कधी भाळू नका. तीन बॉलमध्ये तीन चौकार मारणारा प्रत्येकजण सचिन नसतो.

दुसरी तपासणी वेगाची. प्रत्येक गोळीचा वेग सारखा असेल तरच लांबवर ती सारखी पडते. पण गोळीचा वेग मोजायचा कसा? १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितीनं युक्ती छापली. लाकडाचा जड लंबक टांगा, त्यात गोळी मारा, लंबक किती झुलला यावरून वेग काढा. हा माणूस पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. पुढे १८६० च्या दशकात बेल्जियमच्या ल बुलांजे या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं विजेवर चालणारं यंत्र काढलं. गोळीनं पहिली तार तोडली की एक दांडी खाली पडायला लागते, दुसरी तोडली की पडत्या दांडीवर खूण उमटते. खूण किती खाली, त्यावरून वेळ. साधं आणि भारी! आज तेच काम हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र करतं.

मग येतं १९६२. चीनच्या सीमेवर आपल्या बहुतेक जवानांच्या हातात थ्री-नॉट-थ्री होती. प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट ओढायची रायफल. समोर सेमी-ऑटोमॅटिक. त्या धक्क्यानंतर बेल्जियमच्या फॅल रायफलवर बेतलेली आपली एसएलआर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनू लागली. ७.६२ मिलिमीटरची गोळी, २० गोळ्यांचं मॅगझिन. १९९० च्या दशकात इन्सास येईपर्यंत ती सेनेची मुख्य रायफल होती, आणि पोलिसांकडे त्यानंतरही दिसत राहिली.

पण रायफल एकदा बनते, गोळी रोज लागते. ती कोण बनवणार? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून होताच. जुन्या पुंगळ्यांच्या बुडावर ‘केएफ’ कोरलेलं असतं ना, ते खडकीचं. त्यात भुसावळजवळच्या वरणगावची भर पडली. आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकं आणि प्रोपेलंट, म्हणजे गोळी ढकलणारी दारू, बनवणारा कारखाना उभा राहिला. हे दोन्ही साठच्या दशकातले. १९९९ पर्यंत आपण भंडारा जिल्ह्यातच होतो, म्हणजे हा आपल्याच जिल्ह्याचा कारखाना. २०२१ पासून हे तिन्ही म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.

तर भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, दस्ता गालाला नीट बसला, चाप हलका आणि सफाईदार झाला, तर माणसाचा नेम सुधारतो. पण एसएलआरला मर्यादा आहेत. नळीवर गॅसचा दट्ट्या बसलेला, त्यामुळे गोळी सुटताना नळी मोकळी थरथरत नाही. दुर्बीण लावायची तर ती वरच्या पातळ पत्र्याच्या झाकणावर बसते, आणि झाकण जरा हललं की नेम हलला. गेममध्ये हे दाखवत नाहीत.

आणि गोळ्या? आपल्या स्वप्नील कुसाळेचं बघा. १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी ब्रॉंझ जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक पदक! त्याच्या खेळात ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. रायफल एकेका गोळीची, पण दस्ता, गालाचा आधार, खांद्याचा टेकू सगळं शूटरच्या अंगाच्या मापानं बसवलेलं. पॉइंट टू-टूची ती गोळी हातानं भरत नाहीत, कारण ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. मग या खेळातले शूटर काय करतात? एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या आपल्याच रायफलमधून झाडून बघतात, सर्वात लहान ग्रुप देणारा लॉट निवडतात आणि तोच साठवतात. आजीचा ठेकेदार छाटायचा ना, तसंच.

एक स्पष्ट सांगतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदुकीत बदल करणं किंवा काडतुसं बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेतले व्हिडिओ बघा, पण घरी हात घालू नका. का, ते आता सांगतो.

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी फोन वाजायला लागले. जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट. आवाज कित्येक किलोमीटरपर्यंत गेला. छप्पर कोसळलं आणि आठ कामगार गेले. त्या दिवशी आपल्या भागात प्रत्येकजण कुणाला ना कुणाला फोन लावत होता. कुणाचा मामा, कुणाचा जावई, कुणाचा अप्रेंटिसला लागलेला मित्र. मीही लावला. पहिल्या वेळेस लागला नाही, दुसऱ्या वेळेस लागला नाही. तिसऱ्या वेळेस पलीकडून आवाज आला: “मी सुट्टीवर हाव.” मी खाली बसलो. आठ घरांत तो आवाज आला नाही.

त्या संध्याकाळी मी गेम उघडला, सवयीनं. जमिनीवर ७.६२ चा डबा पडलेला. उचलायला बटण दाबलं की तीस गोळ्या. मला आजीची बोटं आठवली. जर्द्यानं पिवळी पडलेली, हजार सारख्या काढणारी. दारू मोजणारा हातही तसाच. फरक एवढाच, की आजीची चुकली तर पैसे कटायचे.

पुढच्या वेळी गेममध्ये गोळ्या उचलाल तेव्हा भंडाऱ्याचं नाव एकदा आठवा, एवढंच मागणं. तुमच्या घरात कुणी दारूगोळा कारखान्यात काम केलं असेल तर त्यांना त्यांचे दिवस विचारा, आणि त्यांची हरकत नसेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या मंडळी.