जवारी आणि संपृक्तता : ध्वनिमुद्रणातील एका ‘दोषा’चा इतिहास

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाची मांडणी बहुधा निर्दोषतेकडे होत गेलेल्या प्रवासाच्या रूपाने केली जाते. कर्णा गेला आणि ध्वनिग्राहक आला. तबकडी मागे पडली आणि ध्वनिफीत आली. पुढे फितीची जागा अंकीय मुद्रणाने घेतली. प्रत्येक टप्प्यावर मूळ ध्वनी व मुद्रित ध्वनी ह्यांतील अंतर कमी होत गेले, असे ह्या मांडणीचे सूत्र आहे. तथापि अंकीय मुद्रण सर्वत्र रूढ झाल्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडून आली. जी विकृती टाळण्यासाठी अभियंत्यांच्या दोन पिढ्या झटल्या, तीच पुन्हा निर्माण करणारी छोटी उपकरणे ध्वनिमुद्रक स्वतःच्या हातांनी जोडू लागले. व्हॉल्व्ह, लोहगाभ्याचा ट्रान्सफॉर्मर किंवा दोन डायोड ह्यांच्या साहाय्याने ध्वनीस ‘संपृक्त’ करणारी ही उपकरणे होत. ही घटना केवळ पाश्चात्त्य हौसेचा प्रकार मानण्याचा प्रघात आहे. दक्षिण महाराष्ट्रातील वाद्यनिर्मितीचा इतिहास लक्षात घेतल्यास तो प्रघात टिकत नाही.

संपृक्तता म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. एखाद्या यंत्रणेत जेवढा ध्वनिसंकेत घालावा तेवढ्याच प्रमाणात तो बाहेर यावा, ही आदर्श स्थिती होय. संकेत वाढत जाऊन यंत्रणेच्या मर्यादेजवळ पोचला म्हणजे हे प्रमाण बिघडते. तरंगाचे माथे दबतात आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर नव्याने उत्पन्न होतात. २२० कंपनांचा शुद्ध स्वर अशा यंत्रणेतून गेल्यास ४४० व ६६० कंपनांचे स्वर त्याच्या सोबतीस येतात. कानाला ही भर बेताची असेल तोवर ‘भरदार’ वाटते. मर्यादेबाहेर गेल्यास कर्कश वाटते.

आता मिरजेकडे वळू. एकोणिसाव्या शतकात ह्या संस्थानी गावी शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तंतुवाद्ये बनविण्याचा व्यवसाय स्वीकारला. फरीदसाहेब हे ह्या परंपरेचे आद्य पुरुष मानले जातात. तंबोऱ्यासाठी लागणारा मोठा भोपळा सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरच्या परिसरातून येत आला आहे. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अक्कलकोट तालुक्यात, मैंदर्गीसारखी गावे मराठी व कानडी ह्या दोन्ही भाषांच्या सीमेवर वसलेली आहेत. भाषेची ही सीमा संगीताने कधी मानली नाही. मिरजेस वास्तव्य करणाऱ्या अब्दुल करीमखाँ ह्यांचे शिष्य सवाई गंधर्व हे कुंदगोळचे, पण त्यांची कीर्ती झाली ती मराठी रंगभूमीवर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार व तंबोरा ह्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

ह्या वाद्यांचा प्राण म्हणजे जवारी. तंबोऱ्याची तार घोडीच्या धारेवर टेकत नाही. ती किंचित बाकदार पृष्ठभागावरून जाते. तार कंप पावू लागली म्हणजे ह्या पृष्ठभागास तिचा क्षणाक्षणाला स्पर्श होतो आणि सुटतो. तारेखाली सुताचा एक धागा सरकवून हा स्पर्श नेमका जुळविला जातो. सी. व्ही. रामन ह्यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्या घोडीचे शास्त्रीय महत्त्व दाखवून दिले. यंगच्या नियमानुसार, तार ज्या बिंदूवर छेडली जाते तो ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर ऐकू येऊ नये; परंतु तंबोऱ्यात व वीणेत तोही ठळकपणे ऐकू येतो, असे त्यांना आढळले. अर्थात हे उपस्वर केवळ छेडण्याच्या क्रियेतून येत नाहीत. घोडी ते घडविते. षड्जाच्या तारेतून ऐकू येणारा ‘स्वयंभू’ गांधार हा मूळ स्वराच्या पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर होय. म्हणजेच प्रमाणभंगातून उपस्वर निर्माण करून त्यांचा आस्वाद घेण्याची परंपरा ह्या प्रदेशात विजेच्या पूर्वीपासून नांदत होती.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग ह्यांनी कलकत्त्यास गौहरजानचे गायन मुद्रित केले. तेव्हाच्या कर्ण्याच्या पद्धतीत सुमारे १५० ते २००० कंपनांपर्यंतचाच पट्टा तबकडीवर उमटे, आणि मुद्रणास अवधी सुमारे तीन मिनिटांचा. जवारीचे वरचे उपस्वर ह्या पट्ट्याबाहेर राहत. १९२५ मध्ये विद्युत् मुद्रण सुरू झाले; ध्वनिग्राहकाचा क्षीण संकेत व्हॉल्व्हने वाढविला जाऊ लागला. अब्दुल करीमखाँ ह्यांच्या सुरुवातीच्या मुद्रिका कर्ण्याच्या काळातील, तर १९३० नंतरच्या दशकातील ओडियनच्या मुद्रिका विद्युत् पद्धतीच्या आहेत. दोहोंतील आवाजाचा फरक केवळ गायकाच्या वयाचा समजणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्यातील काही वाटा यंत्राचा आहे.

ध्वनिफितीच्या बाबतीत हा वाटा अधिक सूक्ष्म झाला. जर्मनीतील ‘माग्नेटोफोन’ १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला गेला. १९४० मध्ये वाल्टर वेबर ह्यांनी उच्च कंपनसंख्येच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची जोड देऊन फितीची विकृती पुष्कळ कमी केली. तरीही चुंबकीय कणांची धारणशक्ती मर्यादित असल्याने जोरकस स्वर फितीवर हळुवारपणे दबत आणि प्रामुख्याने तिप्पट कंपनसंख्येचा उपस्वर वाढे. हेच दबणे पुढील पिढीस ‘ऊब’ वाटले.

आजचे घरगुती संपृक्तता-उपकरण हीच क्रिया हेतुपुरस्सर घडविते. एकच ट्रायोड वापरल्यास दुप्पट कंपनसंख्येचा उपस्वर प्रामुख्याने उठतो. दोन बाजू समतोल ठेवणाऱ्या रचनेत सम उपस्वर परस्परांस छेदतात आणि विषम उरतात. डायोडांच्या रचनेत सिलिकॉन सुमारे ०·६ व्होल्टला, तर जर्मेनियम सुमारे ०·३ व्होल्टला तरंगाचा माथा छाटू लागते. म्हणून जर्मेनियमची छाटणी अधिक लवकर व सौम्यपणे सुरू होते. व्हॉल्व्हसाठी २५० व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो; वीज बंद केल्यावरही तो धारित्रांत साठून राहतो, ह्याचा विसर प्राणघातक ठरू शकतो. शिवाय उपकरणाच्या अगोदरचा व नंतरचा ध्वनी समान पातळीवर आणूनच तुलना करावी लागते. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि पुष्कळशी ‘ऊब’ ही केवळ वाढलेली पातळी असते.

जवारी आणि हे उपकरण ह्यांत साम्य असले तरी एक मूलगामी भेद आहे. जवारी प्रत्येक तारेवर स्वतंत्रपणे कार्य करते. उपकरणातून मात्र अनेक स्वरांचे मिश्रण एकदम जाते. मिश्रण संपृक्त झाले म्हणजे उपस्वरांबरोबर स्वरांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही निघतात. षड्ज २०० व शुद्ध पंचम ३०० कंपनांचा असेल तर हे स्वर १०० व ५०० कंपनांचे येतात, म्हणजे खालचा षड्ज आणि शुद्ध गांधार. पण समविभागी स्वरपटाच्या हार्मोनियमचा गांधार सुमारे २५२ कंपनांचा असतो, शुद्ध गांधार २५० चा. षड्जाचा पाचवा आणि ह्या गांधाराचा चौथा उपस्वर ह्यांत मग सेकंदाला सुमारे आठ आंदोलने पडतात. साध्या मुद्रणात ती दबून राहतात. संपृक्ततेने ती उघडी पडतात. कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० मध्ये आणि ई. क्लेमंट्स ह्यांनी १९१३ मध्ये श्रुतींविषयी जे ग्रंथ लिहिले, त्यांतील शुद्ध अंतरांचा आग्रह केवळ तात्त्विक नव्हता, हे ह्या साध्या गणितावरूनही ध्यानी येते. जे उपकरण सतारीच्या एकल मुद्रणास शोभा देईल, तेच हार्मोनियमच्या साथीसह गायलेल्या ख्यालास बाधक ठरू शकते.

ह्यातून इतिहासाभ्यासकापुढे एक कर्तव्य उभे राहते. जुन्या तबकड्यांचे पुनर्मुद्रण करताना खरखर काढणे आणि ‘ऊब’ घालणे ही दोन्ही कामे आता सुलभ झाली आहेत. परंतु एकदा नवी संपृक्तता मिसळली की १९०५ चा कर्णा, १९३५ चा व्हॉल्व्ह आणि आजचे उपकरण ह्यांची सरमिसळ होते, आणि गायकाचा आवाज कोणता हे ठरविण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून अस्पर्शित प्रत स्वतंत्रपणे जतन करणे आणि वापरलेल्या उपकरणाची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. श्रवणासाठी सजविलेली प्रत त्यानंतर कोणीही खुशाल करावी.

मिरजेचा कारागीर जवारी लावतो तेव्हा तो निर्दोषता शोधत नसतो. गायकाच्या स्वराला कोणता दोष गुण म्हणून शोभेल, हे तो कानाने ठरवीत असतो. त्याचा धागा केव्हाही सरकविता वा काढून घेता येतो. ध्वनिमुद्रिकेवर एकदा चढविलेला रंग मात्र उतरत नाही. संपृक्ततेच्या इतिहासाचा धडा एवढाच आहे.