रविवारची सुट्टी आणि गिरणीमालक संघ

रविवार हा प्रभूचा दिवस. मुंबईच्या गिरण्यांत तो विसाव्याचा दिवस कसा झाला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्या इतिहासात मालकांच्या संघटनेचे सामर्थ्य दिसते आणि त्याची दुसरी बाजूही दिसते.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. १८७५ साली मालकांनी ‘मुंबई गिरणीमालक संघ’ स्थापन केला. धंद्यातील हे प्रतिस्पर्धी सरकारपुढे एकमुखाने बोलू लागले. कामगारांना असे मुख नव्हते. ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी दिले. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी भरविलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. एकेका मालकाचे दार ठोठावून जे साधले नसते, ते संघाच्या एका निर्णयाने साधले. पुढील वर्षीच्या मे महिन्यात पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाद्वारे श्रमिकाचा विसाव्याचा व संघटनेचा हक्क जगापुढे मांडला.

१९२५ साली चित्र पालटले. देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. तो अन्यायकारक होता, यात शंका नाही. परंतु मंदीचे कारण सांगून संघाने मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कर उठला तर कपात मागे घेऊ, अशी भूमिका घेतली. सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. डिसेंबरात सरकारने कर तहकूब केला, कपातही टळली. मालकांचे गाऱ्हाणे दूर झाले, पण त्याची किंमत चाळींतील विझलेल्या चुलींनी मोजली. प्रांतिक कायदेमंडळात संघाला स्वतःची जागा होती; कामगारांना आपला प्रतिनिधी निवडण्याचा तसा अधिकार नव्हता. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत आपले माझगावचे जोसेफ बॅप्टिस्टा पुढे होते, ते अशीच उणीव भरून काढण्यासाठी.

मालकांनी संघटित व्हावे, यास ख्रिस्तसभेचा विरोध नाही. ज्याच्या हाती बळ, त्याच्या माथी उत्तरदायित्व, एवढेच तिचे सांगणे आहे. आपल्या धर्मग्रामांतही लहानमोठे मालक आहेत. मिस्सेला निघताना आपण स्वतःस विचारावे: आपल्या दुकानातल्या, घरातल्या कामकऱ्याला आज रविवार आहे काय?