शिधा होता, होड्या नव्हत्या

आषाढीला दिंडी निघते तेव्हा पुढे पताका, टाळ, मृदंग असतात आणि मागून शिध्याचा टेम्पो येतो. तो टेम्पो चिखलात रुतला, तर मुक्कामाला चूल पेटत नाही. युद्धाचंही असंच असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या अशाच एका रुतलेल्या शिध्याची गोष्ट आज आपण बघू.

पहिलं महायुद्ध १९१४ साली सुरू झालं. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. निजामाचं घोडदळ समुद्रमार्गे इजिप्तला गेलं. इंग्रजांनी मुंबईच्या गोदीतून हिंदी पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात पाठवल्या. त्यांत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणीही होत्या. माणसांबरोबर घोडे, खेचरं, पीठ, डाळ, तूप, चारा, औषधं हे सगळं बोटींनीच न्यायचं होतं.

मोठ्या बोटी बसऱ्यापर्यंत पोचत. पण तिथे माल उतरवायला धड धक्का नव्हता. नदीत मधेच नांगर टाकायचा आणि छोट्या होड्यांत माल उतरवायचा. त्यात बोटी कित्येक आठवडे खोळंबत. पुढचा रस्ता म्हणजे तैग्रिस नदी. उन्हाळ्यात गोदावरीत वाळूची बेटं कशी उघडी पडतात, ते आपल्याला ठाऊक आहे. तैग्रिसही तशीच उथळ आणि वळणावळणाची. तिच्यात थोड्या पाण्यावर तरंगणाऱ्या आगबोटीच चालत, आणि त्याच कमी होत्या. तरीही वरिष्ठांनी सैन्य बगदादकडे पुढे ढकललं. खाणारी तोंडं लांब गेली, वाढणारा हात तेवढाच राहिला.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ मोठी लढाई झाली आणि इंग्रजांच्या सैन्याला मागे फिरावं लागलं. डिसेंबरात कूत नावाच्या गावात तुर्की फौजेनं त्याला वेढलं. हा वेढा १४७ दिवस चालला.

मदतीला आलेले हजारो सैनिक बसऱ्यात अडकून पडले, कारण त्यांना वर न्यायला होड्या नव्हत्या. कूतमध्ये घोडे कापून खायची वेळ आली. धर्माच्या बंधनामुळे बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. भाजीपाला नसल्यानं हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही रोग पसरला. रानातला पाला उकडून खाल्ला, तर त्यातला काही विषारी निघाला. तांदुळजा कोणता आणि विषारी पाला कोणता, हे ओळखणारी एखादी आजी तिथे असती तर, असं आम्हाला वाटून गेलं. शेवटी शेवटी माणशी रोज पाव किलोही पीठ मिळेना.

विमानांतून पोती टाकून पाहिली, पण तेवढ्यानं भागलं नाही. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री जुलनार नावाची आगबोट सुमारे २७० टन शिधा घेऊन निघाली. ती वाटेत तुर्कांच्या हाती लागली. पाच दिवसांनी, २९ एप्रिलला कूत पडलं. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत लढणारे होते, तसेच स्वयंपाकी, पाणके आणि डोलीवालेही होते. वाळवंटातून चालवत नेताना आणि छावण्यांत त्यांतली हजारो मेली.

पुढे चौकशी झाली. बसऱ्याला धक्के बांधले, रेल्वे टाकली, उथळ पाण्याच्या बोटी वाढवल्या. फेब्रुवारी १९१७ मध्ये कूत परत घेतलं आणि मार्चमध्ये बगदाद. नदी तीच होती, शिपाईही तसेच शूर होते. या वेळी शिधा पोचत होता.

मैत्रिणींनो, ते राज्य परक्याचं होतं आणि युद्धही परक्याचं. मेली मात्र आपल्याकडची माणसं. इतिहासात सेनापतींची नावं राहिली. पीठ मळणारे आणि पाणी भरणारे कुणाच्या लक्षात नाहीत. घरोघरी चूल सांभाळणाऱ्या आपल्याला हे नवीन नाही.

म्हणून ग्रामसभेत धान्याचा किंवा पाण्याच्या टँकरचा विषय निघाला, की ‘मंजूर किती झालं’ एवढ्यावर थांबू नका. शेवटच्या वस्तीवर, शेवटच्या घरात किती पोचलं, तेही विचारा. कूतच्या माणसांसाठी शिधा मंजूर होता, मुंबईहून निघालाही होता.

पुढच्या खेपेला पुन्हा भेटू. राम राम.