शर्यत संपल्यानंतरचा घोडा

घोड्यांच्या शर्यती म्हटले की मुंबईचे महालक्ष्मी आठवते. तिथले मैदान १८८३ सालचे. त्याआधी शर्यती भायखळ्याला होत. पुढे पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा हंगाम ठरून गेला. करंडक, पैजा, जॉकींचे रंगीत पोशाख यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आपण आधी तबेल्यात डोकावू आणि मग शर्यत संपल्यावर घोड्याचे काय होते, ते पाहू.

तबेल्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. मोतद्दार प्रथम घोड्याचे पाय चाचपतो. कुठे सूज आहे का, हाताला गरम लागते का? मग मैदानावर रपेट. परतल्यावर अंग निवेपर्यंत हळूहळू फिरवणे, नंतर खरारा. खायला ओट्स, कोंडा, लसूणघास. घोडा जिंकला की नाव मालकाचे, ट्रेनरचे आणि जॉकीचे होते. पण घोड्याने रात्री चारा टाकला, हे सर्वांत आधी कळते ते मोतद्दाराला.

या घोड्यांची नोंद किती बारकाईने ठेवतात, हे ऐकण्यासारखे आहे. ‘थरोब्रेड’ जातीची वंशावळ इंग्लंडमध्ये १७९१ पासून छापली जाऊ लागली. आजचा प्रत्येक थरोब्रेड घोडा पितृवंशाने तीनच मूळ नरांपर्यंत जाऊन पोहोचतो. शिंगरू कधीही जन्मो, आपल्याकडे त्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. प्रत्येक शर्यतीची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत टिपली जाते.

आणि मग ही वही एकाएकी बंद होते. घोडा दोन वर्षांचा असताना पळू लागतो. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत बहुतेकांची कारकीर्द आटोपते. घोड्याचे आयुष्य मात्र पंचवीस वर्षांच्या घरात असते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग शर्यतीनंतरच जायचा असतो! निवडक घोडे-घोड्या पैदाशीसाठी जातात, काही रायडिंग क्लबात. बाकीच्यांचा माग काढणे कठीण.

पण त्यातल्या काहींनी आपल्यासाठी काय केले, ते इतिहासात आहे. १८९० मध्ये बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो या शास्त्रज्ञांनी दाखवले की, धनुर्वाताचे विष थोडे थोडे टोचून ज्या प्राण्याला तयार केले, त्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. त्यानंतर चार-पाच वर्षांतच फ्रान्समध्ये काल्मेत यांनी सर्पविषावर असाच रक्तरस बनवला. मोठ्या प्रमाणावर रक्तरस मिळवण्यासाठी घोडा सोयीचा ठरला. तो थोराड, माणसाळलेला, आणि त्याच्या अंगात पस्तीस-चाळीस लिटर रक्त. घोड्याला वाढत्या मात्रेत विष टोचतात, मानेच्या शिरेतून रक्त घेतात आणि त्यातला रक्तरस शुद्ध करून औषध बनवतात. चांगल्या पद्धतीत तांबड्या पेशी घोड्याला परत दिल्या जातात.

परळच्या हाफकिन संस्थेत हे काम होत असे. पुण्याजवळच्या पूनावाला स्टड फार्मचे निवृत्त घोडे या संस्थेला दिले जात. आपले घोडे देऊन ज्या रक्तरसाला हातभार लागतो, तो आपणच का तयार करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट काढली. सुरुवातीचे उत्पादन होते धनुर्वातावरील रक्तरस. तीच संस्था पुढे डोसांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लस उत्पादक झाली. पुण्याच्या लस उद्योगाची मुळे अशी घोड्यांच्या पागेत आहेत.

धनुर्वातासाठी आता मानवी रक्तापासून केलेले औषधही मिळते. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या दंशावर भारतात अजून घोड्याच्या रक्तरसाचाच आधार आहे. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुपीमुळे जो शेतकरी वाचतो, त्याच्या प्राणांवर कुठल्या तरी घोड्याचे ऋण असते.

हे ऋण आपण कसे फेडतो? अशा तबेल्यांत सगळेच घोडे शर्यतीतले नसतात. तट्टे, खेचरेही असतात. २०१५ मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या परवानगीने देशभरातील अशा केंद्रांची तपासणी झाली, तेव्हा अशक्त, खुरांचे आणि डोळ्यांचे विकार झालेली जनावरे आढळली. परदेशातही सारे गोड नाही. १९८६ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनांड पैदाशीसाठी जपानला विकला गेला आणि २००२ मध्ये तिथे कत्तलखान्यात संपला. अमेरिकेत संताप उसळला. त्यानंतर न्यूयॉर्कमधल्या घोडेमालकांनी प्रत्येक धावेमागे निवृत्त घोड्यांसाठी स्वेच्छेने थोडी रक्कम बाजूला काढण्याची प्रथा पाडली.

रक्कम लहान, पण तिच्यामागचा विचार मोठा आहे. ज्या प्राण्याच्या पणजोबाचे नाव आपण शोधून काढू शकतो, तो स्वतः आज कुठे आहे, हे सांगता येऊ नये? जन्मापासून चालत आलेली ती वही शेवटच्या शर्यतीपाशी मिटू नये. घोड्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत ती लिहिली जावी, एवढे तरी आपण त्याचे देणे लागतो.