‘लाइक’ शब्दाची कुळकथा

इंग्रजीतील ‘लाइक’ हा शब्द आपल्या घरांतून आता परका राहिलेला नाही. शाळेत मुले तो ‘सारखा’ या अर्थी शिकतात आणि भ्रमणध्वनीवर ‘आवडले’ या अर्थी वापरतात. साम्य आणि आवड या दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दाच्या पोटी कशा आल्या, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत मिळते, आणि ते शोधताना आपल्या मराठीचीही एक जुनी वाट उजळते, असे आम्हांस वाटते.

जुन्या इंग्रजीत ‘लिक’ म्हणजे देह. त्याला सहभाव दाखविणारा ‘ये’ हा उपसर्ग लागून ‘समान देहाचा’ या अर्थी विशेषण झाले. पुढे उपसर्ग झिजला आणि ‘लाइक’ उरले. जर्मन भाषेत समान या अर्थी ‘ग्लाइख’ आणि प्रेत या अर्थी ‘लाइखे’ हे त्याचेच भाऊबंद आहेत. इंग्लंडमधील जुन्या चर्चच्या आवाराला छपराचे एक प्रवेशद्वार असते. तिरडी तेथे टेकवून धर्मगुरूंची वाट पाहत. त्या द्वाराच्या ‘लिच-गेट’ या नावात तो ‘देह’ अजून टिकून आहे. ‘फ्रेंडली’सारख्या शब्दांच्या शेवटचा ‘ली’देखील मुळात हाच.

‘विच’ आणि ‘सच’ या शब्दांतही तो दडला आहे. त्यांचे मूळ अर्थ ‘कोणत्या देहाचा’ आणि ‘तशा देहाचा’. येथे आपणांस संस्कृतातील ‘कीदृश’ आणि ‘तादृश’ आठवल्यावाचून राहत नाहीत. घडण तीच, परंतु देहाच्या जागी ‘दृश्’ म्हणजे पाहणे हा धातू आहे. ‘कीदृश’, ‘तादृश’ यांपासून प्राकृतामार्गे ‘कैसा’, ‘तैसा’ आणि पुढे ‘कसा’, ‘तसा’ झाले. ‘सदृक्ष’पासून प्राकृत ‘सरिक्ख’, ज्ञानेश्वरीच्या (1290) काळातील ‘सारिखा’ आणि आजचा ‘सारखा’. बडोद्याच्या बाजारात कानी पडणारे ‘सरखुं’ आणि इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदी ‘सरीखा’ ही याच कुळातील नावे. इंग्रजीने साम्य देहात शोधले, आपल्या भाषांनी ते दृष्टीत शोधले.

आता आवडीचा अर्थ. याच मुळापासून जुन्या इंग्रजीत एक क्रियापद होते. ‘अनुरूप असणे, म्हणून रुचणे’ अशी त्याच्या अर्थाची वाटचाल. त्या काळी इंग्रज ‘मी आवडतो’ अशा धर्तीवर बोलत नसे. वस्तू त्याला रुचे, म्हणजे वस्तू कर्ता आणि माणूस चतुर्थीत. मराठीतही ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ असे म्हणताना क्रियापद आंब्यामागे जाते, आपल्यामागे नव्हे. पुढे इंग्रजीतील नामांचे विभक्तिप्रत्यय गळाले, वाक्यात आधी येणारे नाम कर्ता मानले जाऊ लागले आणि रुचणाऱ्या वस्तूचे कर्म झाले. शेक्सपिअरच्या काळापर्यंत दोन्ही रचना शेजारी नांदत होत्या. आज ‘मी’ कर्ता असलेलीच उरली आहे.

2009 च्या फेब्रुवारीत फेसबुकने ‘लाइक’ची कळ आणली आणि ‘मी लाइक केले’ हे मराठीत रुळले. त्यात आवडीचे कर्तेपण ‘मी’कडे आले. म्हणून मराठी बिघडली असे आम्ही मानत नाही. फारसीतून ‘पसंत’ आला, तेव्हा ‘मी पसंत केले’ आणि ‘मला पसंत पडले’ अशा दोन्ही रचना आपण सांभाळल्या. पहिलीत निवड आहे, दुसरीत रुची. निवड आपण करतो, रुची आपल्याला होते, हा भेद मराठीने नेमका राखला आहे.

गुजरातीतील ‘मने गमे छे’, कोंकणीतील ‘म्हाका आवडटा’, कन्नडमधील ‘ननगे इष्ट’ यांतही माणूस कर्ता नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना शेजारभाषांचा हा आधार आहे. ‘लाइक करणे’ खुशाल येवो, परंतु ‘मला आवडते’ हे मुलांच्या तोंडी राहिले पाहिजे. इंग्रजीत एक रचना आली आणि दुसरी गेली. येथे दोन्ही राहू शकतात, आणि ते घरातील बोलण्यावरच अवलंबून आहे.